नाडी ठीक असेल तर पुढे

वाळवंटातून परत आल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, "उंटावर बसलात की नाही?" नाही बसलो. आम्ही चालायला गेलो होतो. स्वतःच्या दोन पायांवर, दिवसभर, स्वतःच्या खुशीने. आणि त्यासाठी दीड महिना अख्ख्या लालबागला हसवत तयारी केली होती. ज्यांना फक्त बसायचंच आहे त्यांच्यासाठी घरी सोफा असतो. बाकीच्यांसाठी हे लिहितोय.

मी त्रेसष्ट वर्षांचा आहे. चाळीस वर्षं गिरगावातल्या एका छापखान्यात प्रुफं तपासली. दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरलं, त्यामुळे स्वभाव थोडा तसाच झालाय असं आमच्या घरी म्हणतात. दोन वर्षांपूर्वी हृदयाचं दुखणं निघालं आणि दोन स्टेंट बसले. त्यातून मी बरा झालो. घरातले अजून झाले नाहीत. बादली उचलली की "ठेवा!", जिना चढलो की "थांबा!", मोठ्याने हसलो की "हळू!" पंखा पुसायला स्टुलावर चढलो तर बायकोने शेजाऱ्यांना हाक मारली. डॉक्टरांनी मला चालत्या पट्ट्यावर घामाघूम केलं, कागद बघितले आणि म्हणाले, "खुशाल हिंडा." पण डॉक्टर आमच्या घरी राहत नाहीत.

मला एकदा, फक्त एकदा, सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालायचं होतं. कोणी "बसा आता" न म्हणता. हट्ट म्हणा हवं तर.

लालबाग

वाळवंटाची कल्पना पप्या तावडेची. पप्या माझा शाळेपासूनचा मित्र. वय चौसष्ट, नातवंडं दोन, पण नाव पप्याच. त्याचा मेव्हणा जैसलमेरच्या पुढे, गाडीने दीडेक तासावर, एका वाळवंटातल्या अभयारण्यात राहून आला होता. सकाळी वाटाड्या घेऊन निघायचं, हरणं, गिधाडं, नशिबात असेल तर माळढोक बघायचा आणि दिवस मावळायच्या आत मुक्कामाला परत. पप्याने वाटाड्याला फोनवर गाठलं. त्याचं नाव सवाईराम. त्याने पप्याला एक व्हॉइस मेसेज पाठवला, आणि तिथून सगळा घोळ सुरू झाला.

"साब, पहले दिन नाडी देखेंगे। नाडी में कुछ मिला तो आगे ले जाऊँगा, पूरा चक्कर, आठ घंटे का। कुछ नहीं मिला तो वहीं से वापस। पहले से बता दिया, बाद में झगड़ा नहीं।"

आमच्या हॉलमध्ये बसून आम्ही तो मेसेज तीनदा ऐकला.

"नाडीत काय मिळणार?" पप्याने विचारलं.

"ठोके," मी म्हटलं.

"आणि नाही मिळाले तर वापस?"

"तसं म्हणतोय तो."

"अरे, ठोकेच नाही मिळाले तर वापस येणार कसा तू? आम्हीच आणायचा ना खांद्यावर!"

एवढ्यात माझी बायको सुनंदा कालथ्यासकट बाहेर आली. म्हणाली, "परत लावा ते." परत लावलं. तिच्या चेहऱ्यावर दोन वर्षांत पहिल्यांदा कोणाबद्दल तरी आदर दिसला. "शहाणा माणूस आहे. आधी नाडी, मग चालणं. इथे कोणाला सुचलं का एवढं?"

आणि तिने तिथल्या तिथे अट घातली. सवाईरामने नाडी बघून "पुढे चला" म्हटलं तर ती एक शब्द बोलणार नाही, आठ तास चाला नाहीतर अठरा. पण "वापस" म्हटला तर वापस. आणि मग यापुढे चालणं म्हणजे राणीची बाग, तीसुद्धा या बाकावरून त्या बाकापर्यंत. "आणि मी सोबत येणार," ती म्हणाली. "तिथे तुमच्यावर लक्ष कोण ठेवणार? हे पप्याभाऊजी?" पप्याने मान खाली घातली.

माझ्या उरलेल्या आयुष्याचा निकाल आता एका अनोळखी माणसाच्या तीन बोटांखाली लागणार होता.

इथे माझा अपराध कबूल करतो. नाडी या शब्दाचे अर्थ दोन, एक मनगटातली आणि एक लेंग्याची. लेंग्याची नाडी कोणी वाळवंटात तपासत नाही, म्हणजे मनगटातलीच. हे मी चाळीस वर्षांच्या अधिकाराने जाहीर केलं आणि कोणीही उलटून विचारलं नाही. सुनंदाने मात्र दोन्ही अर्थ धरून चार जादा नाड्या आणि एक सेफ्टी पिन बॅगेत टाकली.

पप्याने आणखी दोन प्रश्न पाठवले. जेवणाचं काय? उत्तर आलं, "खाना नाडी पर ही होगा।" पप्या म्हणाला, "म्हणजे नाडी बघून पथ्य ठरवणार. ज्याची जोरात त्याला ताक, ज्याची मंद त्याला भाकरी." पटलं. मग विचारलं, आणखी काही नियम? "नाडी पर जूते उतारने पड़ेंगे। बीड़ी-तमाकू बिल्कुल नहीं।" मी म्हटलं, "बरोबर, घोट्यापाशीही नाडी लागते. माझ्या डॉक्टरांनीही तिथे बोट ठेवलं होतं." तंबाखूने नाडी वाढते हे तर पप्यालासुद्धा माहीत होतं. त्याने चुना-तंबाखूची डबी त्याच दिवशी बायकोच्या हवाली केली. तिने सवाईरामला मनोमन हात जोडले असतील.

मी जन्मभर लोकांना सांगत आलो की एक शब्द चुकला तर पान फुकट जातं. इथे सगळं इतकं छान जुळत होतं की शंका यायला जागाच राहिली नाही.

दादर, आणि पुन्हा लालबाग

बूट घ्यायला दादरला गेलो. दुकानातल्या पोराने माझ्याकडे बघून मऊ, पांढरे, म्हातारपणाचे बूट काढले. मी म्हटलं, "डोंगर चढायचे दाखव." त्याने सुनंदाकडे बघितलं. हल्ली सगळे आधी सुनंदाकडेच बघतात. शेवटी घोट्यापर्यंतचे, दणकट, चॉकलेटी घेतले. एकेक बूट प्रेशर कुकरएवढा जड. सुनंदाला म्हटलं, तूही घे. "मला कशाला? मी काय चालायला येतेय? मी लक्ष ठेवायला येतेय," ती म्हणाली आणि मुलीचे जुने बूट कपाटातून काढून ठेवले. ते तिला एका नंबरने लहान होते.  खरं सांगायचं तर माझं लक्षच नव्हतं.

नवे बूट आधी घरात घालून पाय बसवायचे असतात. पण आमच्या घरात पायात बूट घालून देवासमोरून जायची सोय नाही. तेव्हा तोडगा असा निघाला की बुटांवर पावट्याच्या रिकाम्या कापडी पिशव्या चढवायच्या आणि वर रबर लावायचं. आठवडाभर मी असा पिशव्यांच्या पायांनी घरभर फिरलो. दूध घ्यायला दार उघडलं की दूधवाला आधी खाली बघायचा.

मग जिने. आमच्या चाळीच्या जागी आता टॉवर आहे, आम्ही अकराव्या मजल्यावर. पाठीवर पाच किलो तांदूळ घेऊन मी रोज सकाळी पायऱ्या चढायला लागलो. सुनंदा लिफ्टने प्रत्येक मजल्यावर आधी हजर. दार उघडायचं, ती बाहेर डोकवायची, माझं बोट ऑक्सिमीटरमध्ये घालायची, आकडा वहीत लिहायची, लिफ्ट वर. चौथ्या मजल्यावरच्या मालूताईंना वाटलं लिफ्टची तपासणी चाललीय. सातव्यावरच्या परबकाकींनी तर वर जातोच आहे म्हणून माझ्या हातात नवव्या मजल्यावर द्यायची कोथिंबिरीची जुडी ठेवली. पंधरा दिवसांत मी बिल्डिंगचा पोस्टमन झालो. एकदा दहाव्यावर मी पोचलो तेव्हा हातात दोन नारळ, एक इस्त्रीचं बोचकं आणि कोणाचं तरी लग्नाचं आमंत्रण होतं. नाडी एकशे अठरा! सुनंदाने वही मिटली आणि त्या दिवशी मला अळणी जेवण मिळालं.

गिरगाव

नाडी बघताना माणूस नेमकं काय बघतो हे कळावं म्हणून पप्या आणि मी गिरगावातल्या एका म्हाताऱ्या वैद्यांकडे गेलो. छापखान्यात असताना त्यांचं चूर्णांचं माहितीपत्रक मी तपासलं होतं, तेवढी ओळख. मी म्हटलं, "नाडीपरीक्षेची तयारी करायची आहे."

"अहो, नाडीपरीक्षा असते ती वैद्याची," ते म्हणाले. "रोग्याने फक्त हात पुढे करायचा. कोण घेणार आहे परीक्षा?"

"वाळवंटातला वाटाड्या."

वैद्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "वाटाड्या नाडी बघतो? चालता चालता?" मग थोड्या खिन्नपणे म्हणाले, "आम्हाला शिकायला सात वर्षं लागली." तरी त्यांनी माझी नाडी बघितली. उत्तम आहे म्हणाले, फक्त चहा कमी करा, घाई करू नका आणि त्या दिवशी रागावू नका. पप्या म्हणाला, "मग मेलास तू. न रागावता तू कधी अर्धा दिवस काढलायस?" यावर मी रागावलो.

तिथून चौपाटी जवळच. वाळूत चालायचा सराव भर दुपारी करायचा असं ठरलं होतं. डोक्याला पंचा, पाठीला तेच तांदूळ, पायांत सुनंदाने जुन्या पडद्यातून शिवलेले पायमोजे. त्यांच्यावर मोठी मोठी गुलाबाची फुलं होती. हातात पप्याच्या घरची पडद्याची दांडी. आम्ही खाली बघत, पावलं मोजत, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आणि परत असे चालत होतो. चौथ्या फेरीला एक भेळवाला जवळ आला.

"काय हरवलंय का, काका?"

खरं सांगितलं असतं तर अर्धा तास समजावत बसावं लागलं असतं. पप्याने डोकं चालवलं. "अंगठी."

बस्स. भेळवाला वाकला. शेजारचा फुगेवाला वाकला. एक जोडपं हात सोडून वाकलं. "सोन्याची का?" एका बाईंनी विचारलं, आणि हा गाढव म्हणाला, "लग्नातली!" मग तर विचारूच नका. पाच मिनिटांत पंचवीस-तीस माणसं गिरगाव चौपाटीवर रांग धरून वाळू चाळत होती. एका गृहस्थांनी सगळ्यांना भाग वाटून दिले. त्या बाई डोळे मिटून पुटपुटत होत्या. अशा माणसांच्या मधून "चला, येतो" म्हणून निघणार कसं? आम्हीही वाकलो. पाऊण तासात एक नेलकटर, लहान मुलाचं एक पैंजण आणि वरच्या बाजूची अर्धी कवळी मिळाली. ज्याला कवळी मिळाली तो ती घेऊन प्रत्येकाला विचारत फिरला.

शेवटी माझी कंबर बोलायला लागली. मी ओरडलो, "मिळाली!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. "बघू, बघू!" पप्याने पाठीमागे हात करून स्वतःच्या बोटातली अंगठी ओढायला सुरुवात केली. ती वीस वर्षांत निघाली नव्हती, पण भीतीने निघाली. त्या बाईंनी ती कपाळाला लावली आणि पप्याला म्हणाल्या, "आता घरी जाऊन बायकोच्या पाया पडा." माणसं किती चांगली असतात, आणि आपण किती खोटारडे! मला मनापासून वाईट वाटलं. मात्र वाळूत चालायचा सराव भरपूर झाला.

जैसलमेरच्या पुढे, पहिला दिवस

प्रवासाबद्दल काही सांगत नाही. बसलो, पोचलो.

उन्हाची आम्ही जय्यत तयारी केली होती. टोप्या तीन, पंचे सहा, कोकम सरबताच्या बाटल्या चार, कांदे. जानेवारीत वाळवंटात थंडी असते हे आमच्यापैकी कोणाच्याही डोक्यात आलं नाही. मुंबईच्या माणसाला थंडी म्हणजे पंखा दोनवर. संध्याकाळी सवाईरामच्या घरी मुक्कामाला उतरलो आणि वारा असा अंगात घुसला की पप्याच्या तोंडून शिवीसुद्धा अर्धीच निघाली. मी पूर्ण बाह्यांचे तीन टी-शर्ट एकावर एक चढवले. पप्याने सहाच्या सहा पंचे गुंडाळले आणि चुलीपाशी जाऊन बसला. सुनंदाने एकच शाल आणली होती, तीही माझ्या छातीसाठी. ती मला गुंडाळून स्वतः काकडत बसली. सवाईरामच्या आईने हे बघितलं, तीन जाड रजया आणून आमच्या अंगावर टाकल्या आणि आत जाऊन बराच वेळ हसली.

सवाईराम पंचेचाळिशीचा, उंच, मोजून बोलणारा. मी त्याची बोटं निरखून बघितली. लांब, शांत बोटं. 

जेवायला बाजरीची भाकरी, कढी, आणि केर-सांगरीची भाजी. खेजडीच्या झाडाच्या शेंगा आणि केरच्या झुडपाची फळं वाळवून ठेवतात आणि वर्षभर करतात. सुनंदाने दोनदा घेतली. "आपण बोंबील वाळवतो तसं," ती म्हणाली. बोंबलावरून पप्याला आठवण झाली. त्याने मच्छीमार नगरातून आणलेल्या सुकटीची चटणी बॅगेतून काढली आणि झाकण जेमतेम फिरवलं. ते घर पक्कं शाकाहारी. सवाईराम दारात येऊन नाक वर करून उभा राहिला. "साब, कमरे में कुछ मर गया है क्या?" आणि तो कंदील घेऊन मेलेला उंदीर शोधायला लागला. पप्याही त्याच्याबरोबर शोधायला लागला! खाटेखाली डोकं घालून, "इधर तो नहीं है," म्हणत. सुनंदाने डोक्याला हात लावला आणि खरं काय ते सांगून टाकलं. बरणी तीन पिशव्यांत बांधून गाडीच्या डिकीत गेली.

दुसरा दिवस

पहाटे चहा आला. वाफा येत होत्या, आलं घातलेला होता. मी नको म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा. सवाईरामची आई घाबरली, तिला वाटलं दूध नासलं. मी एका कोपऱ्यात डोळे मिटून लांब श्वास घेत बसलो आणि कोणावरही न रागावायचा प्रयत्न केला. पप्या समोर बसून भुरके मारत होता, तरीही.

निघायची वेळ झाली. मी तीन टी-शर्टांच्या बाह्या वर सारल्या आणि सवाईरामपुढे मनगट धरलं. त्याने मनगटाकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं. "साब, सात बजे हैं। बराबर चल रही है," तो म्हणाला आणि निघाला.

"नाडी?" मी मागून विचारलं.

"नाडी पे पहुँचेंगे तब ना देखेंगे, साब। तीन घंटे लगेंगे।"

"बघ," पप्या कुजबुजला, "हुशार आहे. तीन तास चालवून मग बघणार. बसल्या जागी काय, कोणाचीही ठीक लागेल."

तीन तास! मी ते तीन तास कसे चाललो ते मलाच माहीत. वाळवंट म्हणजे सगळी वाळू नसते हे तिथे कळलं. खडे, पिवळं गवत, रुईची झुडपं, मध्येच एखादी खेजडी, आणि आभाळ एवढं की मान दुखते. दोन चिंकारा हरणं आमच्याकडे बघून शेपट्या हलवत उभी राहिली. बिळाबाहेर एक जाडा सरडा ऊन खात बसला होता. पप्याला माळढोक दिसला, पण जवळ गेल्यावर तो शेळ्या राखणारा माणूस निघाला. त्याने आम्हाला रामराम केला. मी यातल्या कशालाही धड हसलो नाही, कारण हसण्याने नाडी वाढते. सुनंदा माझ्या डाव्या हाताला, अगदी खेटून. तिने समोर बघितलंच नाही. ती माझ्या चेहऱ्याकडे बघत तीन तास वाळवंटातून चालली.

एका लहानशा चढावर सवाईराम थांबला, वळला, आणि त्याचा चेहरा खुलला.

"लो साब। नाडी।"

खाली पाणी होतं. हिरवट, शांत, आपल्या शाळेच्या मैदानाएवढं तळं. काठावर करड्या रंगाचे लांब मानेचे पक्षी, शंभर-दीडशे तरी, आणि पलीकडे पाणी पिणाऱ्या शेळ्या.

"कुठेय नाडी?" मी मराठीतच विचारलं. मनगट पुढे तसंच.

"यही तो है। नाडी। बारिश का पानी रुकता है। इस बार पानी बच गया, तो जानवर भी मिलेंगे। सूखी होती तो आगे क्या दिखाता आपको? चलो, जूते उतारो। पानी इसी ढलान से आता है, यहाँ जूते नहीं ले जाते। खाना यहीं खाएँगे।"

 पप्याने माझ्या मनगटाकडे बघितलं, तळ्याकडे बघितलं. मग तो हळूहळू खाली बसला आणि त्याच्या अंगावरचे पंचे हलायला लागले. "दीड महिना," तो म्हणाला, "दीड महिना तंबाखू सोडली रे मी, या डबक्यासाठी!" आणि मग सुनंदा. तोंडाला पदर लावून, मग पदर सोडून. मीही हसलो. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, खोकला लागेपर्यंत हसलो. पक्षी उडाले. सवाईराम बिचारा विचारत राहिला की झालं काय, आणि पप्या त्याला हिंदीत सांगायला गेला तर सवाईरामही खाली बसला. दोन वर्षांत मी एवढा हसलो नव्हतो, आणि कोणीही "हळू" म्हणालं नाही.

अनवाणी उतारावरून खाली गेलो. एवढं पाणी स्वच्छ राहावं म्हणून आजूबाजूची चार गावं इथे जोडे काढतात. आमच्या सोसायटीत टाकी धुवायची तर तीन मीटिंगा लागतात आणि तिसरीत मारामारी होते.

जेवताना मी विषय काढला. "नाडी ठीक आहे. तुझी अट पूर्ण झाली. आता पूर्ण चक्कर."

"ती त्यांची नाडी," सुनंदा म्हणाली. "तुमची कोण बघणार?"

"इथे कोणाला येते बघता?"

तिने भाकरी खाली ठेवली, हात पुसले आणि माझं मनगट घेतलं. ऑक्सिमीटर नाही, घड्याळ नाही. बोटं बरोबर जागेवर पडली. ओठ हलत होते. मी गंमत म्हणून विचारलं, तू कधी शिकलीस? ती आपल्या माहेरच्या मालवणीत म्हणाली, "माका येता बघूक. दोन वर्सां बघतंय. तुमका झोप लागली काय."

 दोन वर्षं मी समजत होतो की ही माझ्यावर पाळत ठेवते. मी चिडत होतो, टोमणे मारत होतो, पप्याजवळ तिची नक्कल करत होतो. आणि ही रोज मी घोरायला लागलो की माझं मनगट धरून मोजत होती, आणि सकाळी उठून पोहे करत होती. मला माझी लाज वाटली. तसं तिला सांगितलंही. ती म्हणाली, "ठीक आहे नाडी. चला पुढे." मग माझा हात सोडून उरलेली भाकरी खाल्ली.

दुपारनंतरचं वाळवंट मी पहिल्यांदा मोकळ्या मनाने बघितलं. वाळूचे खरे ढीग आता लागले. माझे प्रेशर कुकर झकास चालले. अकरा मजल्यांनी काम केलं होतं. मी पुढे, शीळ घालत. सवाईराम पप्याला वाळूतले कोल्ह्याचे ठसे दाखवत मागे रेंगाळला होता. एका टेकाडापाशी माझ्या लक्षात आलं की डाव्या हाताला कोणी नाही.

सुनंदा पंधरा-वीस पावलं मागे होती. एका पायावर भार देऊन चालत होती. मुलीचे ते लहान बूट. दीड महिना आम्ही सगळ्यांनी मिळून माझी तयारी केली होती. तिची तयारी कोणीच केली नव्हती, तिने स्वतःसुद्धा नाही. मी परत फिरायला लागलो तर तिने तिथूनच हात केला.

"थांबू नका. तुम्ही पुढे व्हा. मी येते मागून."

तुम्ही पुढे व्हा! दोन वर्षं हेच तीन शब्द ऐकायला मी तडफडत होतो. मी वळलो आणि टेकाड चढून वर गेलो. एकटा. वर वारा होता, समोर उतार, त्याच्यापुढे आणखी टेकाडं, आणि मला अडवायला कोणी नव्हतं. पाय ताजे होते, श्वास ताजा होता. आणखी दोन तास सहज चाललो असतो. पण पुढे जाऊन करायचं काय, तेच मला कळेना. मी तिथेच उभा राहिलो.

बऱ्याच वेळाने ती वर आली. चेहरा लाल, घामाने केस चिकटलेले, पण मानी बाई, पाय दुखतोय असं मरेपर्यंत म्हणणार नाही. मला तसा उभा बघून तिच्या डोळ्यांत भीती चमकली.

"काय झालं? दमलात?"

"हो," मी म्हटलं. "दमलो. जरा बसूया."